घरची वही आणि राज्याचं कर्ज

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, आम्ही घरात मिळकतीपुरताच खर्च करतो. मग सरकारला एवढी साधी गोष्ट का जमू नये?" प्रश्न रास्त आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ऐकतच आपण वाढलो. माझ्या वडिलांची वाण्याकडची उधारी पगाराच्या दिवशी फिटायचीच, मग उरलेल्यात महिना कसाही जावो. त्याच वहीने आपण राज्याचा कारभारही मोजतो. ते कुठवर चालतं, हे आज पाहू.

सुरुवात पुण्यापासून करू. थोरले बाजीराव लढाया जिंकत होते, पण देणेकऱ्यांनी त्यांना हैराण केलं होतं. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या कर्जाचं दुःख मांडलं आहे. गंमत अशी, की हे स्वामी त्यांचे गुरू होते आणि सावकारही होते! आता हे कर्ज उधळपट्टीचं होतं का? मुख्यतः नाही. फौजेला पैसा आधी द्यावा लागे आणि चौथाई, सरदेशमुखी हाती यायची नंतर. मधली फट सावकार भरून काढत. पुढे येणाऱ्या महसुलावर वराती दिल्या जात, म्हणजे पीक शेतात उभं असतानाच त्याच्या वसुलाला वाटेकरी ठरलेले असत.

बाजीराव गेले, कर्ज नानासाहेबांकडे आलं. १७६१ साली पानिपत झालं, नानासाहेबही गेले, आणि सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईच्या वस्त्रांबरोबर तो बोजाही मिळाला. १७७२ साली थेऊरला अखेरचे दिवस मोजत असताना त्यांनी जी निरवानिरव केली, तीत कर्ज फेडण्याची आज्ञा होती. सत्तावीस वर्षांचा माणूस! हे वाचताना आजही गलबलून येतं. पण जरा थांबून विचार करा. त्यांना ही आज्ञा का द्यावी लागली? कारण कर्ज घराण्याचं होतं. सावकार राज्याला नव्हे, माणसाला ओळखत होता. माणूस संपला की देण्याचा भरवसा डळमळे. जोखीम मोठी, म्हणून व्याजही जबर.

आता इंग्लंडकडे वळू. १६९४ साली तिसऱ्या विल्यमला फ्रान्सशी लढायला पैसा हवा होता. बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली आणि तिने सरकारला बारा लाख पौंड आठ टक्क्यांनी दिले. व्याजासाठी पार्लमेंटने ठरावीक कर बाजूला काढून ठेवले. म्हणजे हमी राजाची नाही, कायद्याची. राजा मेला तरी व्याज चालू. सरकारी रोखे धरणाऱ्याला मुद्दल हवं असेल, तर तो ते दुसऱ्याला विकू शकत होता. पुढच्या शतकात हेच सरकार तीन टक्क्यांनी कर्ज उभारू लागलं. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर इंग्लंडचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास दुप्पट झालं, तरी देश बुडाला नाही. त्या जुन्या रोख्यांपैकी शेवटचे तर २०१५ साली फेडले गेले. कुठल्या कुटुंबाला असं जमेल? माणूस म्हातारा होतो, त्याला मरणाआधी हिशेब मिटवावा लागतो. राज्याला तशी निवृत्ती नाही. कर बसवण्याचा अधिकारही घराला नाही, राज्याला आहे.

दुसराही एक फरक आहे. भागाला जे लागू, ते पूर्णाला लागू होतंच असं नाही. तर्कशास्त्र शिकवताना ही चूक मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवत असे. मी दिवाळीचे कपडे शिवले नाहीत, तर माझे पैसे वाचतील. पण गावात कुणीच शिवले नाहीत, तर शिंप्याची मिळकत बुडेल, तो वाण्याकडे जाणार नाही, वाणी आणखी कुणाकडे. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. १९३०च्या दशकातल्या महामंदीत केन्सने हेच मांडलं: सगळे हात आखडून बसतील, तेव्हा सरकारने आखडू नये.

मग घरची वही फेकून द्यायची का? तसंही नाही. १९९१ आठवा. परकीय चलन दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. मे महिन्यात वीस टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेकडे गेलं, जुलैमध्ये आणखी सुमारे सत्तेचाळीस टन बँक ऑफ इंग्लंडकडे. घराघरांत लोक हळहळले, जणू घरातलेच दागिने गहाण पडले. ती भावना भाबडी नव्हती. रुपया आपण छापू शकतो, डॉलर छापू शकत नाही. दुसऱ्याच्या नाण्यात देणं असलं, की राज्याची गत घरासारखीच होते.

आणि रुपयातलं कर्जही फुकट नसतं. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या दर रुपयातले वीस पैसे व्याजाचे आहेत. शाळेला, दवाखान्याला जाऊ शकले असते असे पैसे आहेत ते.

म्हणून कर्ज किती, एवढंच विचारून थांबू नका. ते कोणत्या चलनात आहे आणि कशासाठी काढलं, हेही विचारा. धरण बांधलं, तर नातवाला कर्जाबरोबर पाणीही मिळेल. आजचा खर्च भागवण्यात पैसा गेला, तर त्याच्या वाट्याला नुसतं व्याज येईल. त्या नातवाला आज मत नाही. माधवरावांनाही कुणी विचारलं नव्हतं.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न जरूर पाठवा, पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.