न्हाणीमागची चिंच

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात तारखा कधी कुणी सांगितल्या नाहीत. धाकट्या काकांचं लग्न कधी झालं, तर चिंचेला फळच धरलं नव्हतं त्या साली. विहिरीला कठडा कधी बांधला, तर चिंचेची पूर्वेची फांदी मोडली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. परसातली ती चिंच घरातल्या सगळ्यांपेक्षा वडील होती.

आजोबांच्या (घरातली मोठी माणसं त्यांना दादा म्हणत) तोंडी मात्र तिचा इतिहास राजेशाही असे. 1741 मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या फौजेने रतनपूर घेतलं आणि छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आलं. 1758 पासून रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. त्यांच्या दफ्तरात आमचा मूळपुरुष मोडी लिहायला होता, त्याने हे झाड लावलं, आणि भोसल्यांचे स्वार त्याला घोडी बांधत, असं आजोबा सांगत. आम्ही पोरं खोडाभोवती हात जोडून उभी राहायचो आणि ती घोडी डोळ्यांपुढे आणायचो.

पुढे कळत्या वयात वाचलं तेव्हा अडचण दिसली. बिंबाजी 1787 मध्ये रतनपूरलाच वारले. रायपूर मुख्य ठाणं झालं ते 1818 नंतर, इंग्रज अधीक्षक अ‍ॅग्न्यूने कचेरी रतनपूरहून इकडे हलवली तेव्हा. मग बिंबाजींच्या दफ्तरातला लेखनिक रायपूरच्या परसात झाड कशाला लावेल? आजोबांना हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांचं सांगणं इतकं मनापासून असे, की ते खोडून काढावं असं आजही वाटत नाही.

बायकांच्या गोष्टी वेगळ्या होत्या. त्यांत राजे नव्हते. मोठ्या आत्याला तिच्या आजीने, म्हणजे माझ्या पणजीने, सांगितलेली गोष्ट दुष्काळाची आहे. 1896-97 आणि पुन्हा 1899-1900, असे दोन मोठे दुष्काळ छत्तीसगडाने लागोपाठ सोसले. घरात तांदूळ मापून निघे. तेव्हा चिंचोके उपयोगाला आले. ते कढईत तडतडेपर्यंत भाजायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे, सकाळी तपकिरी टरफल चोळून काढायचं आणि आतली पांढरी डाळ शिजवायची, नाहीतर वाळवून जात्यावर दळायची. टरफल राहिलं तर पोट धरतं, म्हणून पणजी प्रत्येक चिंचोका बोटांनी चाचपून बघे. आत्या हे सांगताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासते. त्या हालचालीवर माझा शिलालेखाइतका विश्वास आहे.

दुसरी गोष्ट लढाईतली. आत्या तेव्हा परकरात होती. गोलबाजारातून एक व्यापारी येई आणि आजवर पोरांच्या खेळापलीकडे किंमत नसलेले चिंचोके वजनावर विकत नेई. ते राजनांदगावच्या गिरणीला जातात, असं बायका बोलत. मला ही गोष्ट फुगवलेली वाटायची. पण 1942 च्या सुमाराला डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी चिंचोक्याच्या गरापासून उत्तम चिकट खळ होते हे दाखवलं होतं, आणि लढाईत धान्याचा स्टार्च दुर्मीळ झाल्यावर कापडगिरण्यांत सुताला हीच खळ लागू लागली. साल आत्याला सांगता येत नाही. व्यवहार मात्र तिने नेमका सांगितला होता.

झाड काढायचं ठरलं ते नाइलाजाने. बुंध्याशी अळंबीचे टप्पे दिसू लागले होते, खोडावर काठी आपटली की पोकळ आवाज येई. मग श्रावणात एक जाड फांदी शेजारच्या कौलांवर आली. खोलीत कुणी नव्हतं. त्या घरात दोन लहान मुलं आहेत, त्यामुळे पुढचा श्रावण येण्याआधी निर्णय घेणं भाग होतं. इथे झाडतोडीवर 1959 च्या भू-राजस्व संहितेच्या 240 व्या कलमाचा अंकुश आहे. अर्ज, पाहणी, पंचनामा हे सगळं रीतसर झालं. पुण्याचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, आमच्याकडे 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या झाडाला कायद्याने वारसा वृक्ष म्हणतात. ऐकून बरं वाटलं. आमची पोकळ चिंच त्याने सावरणार नव्हती.

या दिवसांत मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र सारखं आठवत होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या त्या राजनीतीच्या ग्रंथात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी लिहिताना अमात्य थबकतात. आंबा-फणसाला हात लावू नका म्हणतात, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात. आणि एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं; बळजोरी करू नये. झाड काढण्याविषयी मराठीत याहून शहाणं मी काही वाचलेलं नाही. आमच्या घरात राजी करायचं होतं ते आत्याला. तिची अट एकच होती: चिंच उतरवल्याशिवाय हात लावायचा नाही.

म्हणून फाल्गुनात शेवटची चिंच झोडली. गाभुळलेली पोरांनी झाडाखालीच संपवली, पिकलेली फोडून, मीठ लावून बरणीत गेली. कापायच्या आदल्या संध्याकाळी आत्याने बुंध्याशी हळद-कुंकू आणि दहीभात ठेवला, झाडावर राहणाऱ्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड न्यावं म्हणून हात जोडले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जवळजवळ हाच विधी आहे: आदल्या रात्री पूजा, मग विनवणी, आणि सकाळी कुऱ्हाडीला मध-तूप लावून पहिला घाव. आत्याने ती पोथी पाहिलेलीही नाही.

सकाळी आलेल्या म्हाताऱ्या लाकूडतोड्याने खोडावर तळहात ठेवला. ‘रुख जुन्ना होगे हे, दाई,’ तो आत्याला म्हणाला, आणि तूप लावायला त्याने आपण होऊन टंगिया, म्हणजे कुऱ्हाड, पुढे केली. त्याचा मुलगा कमरेला दोर बांधून चढला. आधी त्याने ढोली तपासली. पिंगळ्याची जुनी पिसं होती, अंडी-पिल्लं नव्हती. मग शेंड्याकडून एकेक फांदी, आधी दोराने वरच्या बेचक्याला बांधून, मग कापून, हळूहळू खाली. आमच्या बोळात अख्खं झाड पाडायला जागाच नाही.

खोडाला मशीन लावलं तेव्हा कमरेच्या उंचीवर साखळी ठण्णकन वाजली आणि ठिणग्या उडाल्या. म्हाताऱ्याने छिन्नीने पोखरलं. साधारण वीतभर आत लोखंडी कडी निघाली, हाताने घडवलेली, भोवतालचं लाकूड शाईसारखं काळंनिळं पडलेलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. झाड उंच वाढलं तरी खोडात ठोकलेली वस्तू त्याच उंचीवर राहते, म्हणजे कडी पहिल्यापासून कमरेशीच होती, जनावर बांधायच्याच उंचीवर. आजोबांची घोडी! काकांचे डोळे भरून आले.

कडी किती जुनी, हे लाकूड काही सांगेना. चिंचेच्या लाकडात वर्षाची वलयं धड उमटत नाहीत, आणि आमचा गाभा तर भुसा झाला होता. आत्याने कडी हातात फिरवली. ‘तांग्याचं घोडं होतं आपल्याकडे,’ ती म्हणाली. ‘तुझ्या पणजोबांना कचेरीत न्यायचं. पांढरं होतं आणि चावायचं.’

बुंधा उपटायला जेसीबी बोळात शिरेना, तेव्हा कुदळीनेच खणलं. ठेकेदाराला माती गाडीत भरून न्यायची होती. आत्याने एक घमेलंही जाऊ दिलं नाही. लेखक माधवराव सप्रे याच शहरात राहिले आणि 1926 मध्ये इथेच गेले. त्यांच्या 1901 च्या हिंदी कथेतली विधवा जमीनदाराने बळकावलेल्या आपल्या झोपडीतली टोपलीभर माती मागते आणि ती टोपली त्याला उचलता येत नाही. आत्याने ती कथा शाळेत वाचली आहे. ठेकेदाराशी वाद घालताना तिला ती आठवली की नाही, मी विचारलं नाही.

मुळांखाली दगडी पन्हळ लागली. जुन्या न्हाणीचं आणि मोरीचं पाणी परसात सोडणारी ती पन्हळ मुळांनी दोन जागी उचलून फोडली होती. काका म्हणाले, इतक्या अडनिड्या जागी, मोरीच्या तोंडाशी, पूर्वजांनी झाड लावलं तरी कसं?

‘लावलंय कुणी?’ आत्या म्हणाली. ‘आजीच्या सासूने आमटीला चिंच कोळून चोथा मोरीत टाकला, तो वाहत इथं आला. उगवलं ते तिने उपटलं नाही, एवढंच. आजी मला नेहमी सांगायची.’

‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’ काकांनी विचारलं.

‘दादांना बिंबाजींची गोष्ट आवडायची,’ आत्या म्हणाली, आणि पन्हळीचे दगड कुठे रचायचे ते मजुरांना दाखवायला उठली.