वऱ्हाडचा महसूल, वऱ्हाडचे नाव आणि वऱ्हाडी शिपाई

वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल आला तो लढाईने नव्हे, तर एका फौजेच्या थकलेल्या खर्चातून. निजामाच्या पैशावर व इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा खर्च वेळेवर मिळेना, तेव्हा 1853 च्या तहान्वये वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख कंपनीकडे लावून देण्यात आले. 1860 मध्ये धाराशिव व रायचूर परत गेले, वऱ्हाड राहिले. फौजेचे किमान संख्याबळही तहात ठरले होते : पायदळ 5,000, घोडदळ 2,000 आणि तोफखान्याच्या 4 बॅटऱ्या. म्हणजे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीच्या महसुलावर पहिला हक्क एका सैन्याचा होता.

ज्या मुलखाने सैन्य पोसले, त्या मुलखातील तरुणास सैन्यात कोणता मार्ग खुला होता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला आहे. 1902 च्या करारान्वये वऱ्हाड सालीना 25 लक्ष रुपयांच्या खंडाने कायमच्या पट्ट्यावर इंग्रजांकडे आले आणि 1903 मध्ये कंटिंजंटचे पृथक् अस्तित्व संपले. तिच्या पायदळ पलटणींना हिंदी सैन्यात 94 ते 99 हे क्रमांक मिळाले. त्यांतील 96 व्या पलटणीस ‘बेरार इन्फंट्री’ हे नाव देण्यात आले. 1922 च्या पुनर्रचनेत ती 19 व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. या रेजिमेंटमध्ये कुमाऊंनी, जाट व अहीर यांची भरती वाढत गेली आणि 1945 मध्ये तिचे नाव कुमाऊं रेजिमेंट असे बदलले. नाव वऱ्हाडचे, पैसा वऱ्हाडचा, शिपाई मात्र परमुलखाचा, अशी ही विलक्षण परिस्थिती होय.

तिचे कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांतात सापडते. याचा सर्वांत कठोर आघात महार शिपायांवर झाला. मुंबई इलाख्याच्या सैन्यात त्यांनी दीर्घकाळ चाकरी केली होती. सुभेदार रामजी सकपाळ यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांनी लष्करी शाळेत अध्यापन केले आणि सुभेदारपदापर्यंत ते चढले. त्यांचे पुत्र भीमराव यांचा जन्म 1891 मध्ये महू छावणीत झाला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच महारांची भरती बंद करण्यात आली. पित्यास जो मार्ग मिळाला, तो पुत्राच्या पिढीस राहिला नाही. आणि हा मार्ग केवळ पगाराचा नव्हता. छावणीत अक्षरओळख, निवृत्तिवेतन आणि गावगाड्याबाहेरील प्रतिष्ठा यांचीही प्राप्ती होत असे. म्हणूनच शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी विलायत सरकारकडे अर्ज केला. महायुद्धाच्या निकडीने 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली, तीही 1921 मध्ये मोडली गेली.

ज्यांना प्रवेश मिळाला त्यांची बढती कोठवर जाई, हे पदनामांच्या अर्थावरूनच कळून येते. मराठेशाहीत सुभेदार म्हणजे सुभ्याचा कारभारी. इंग्रजी सैन्यात नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार ही शिडी तशीच ठेवली गेली. परंतु वयोवृद्ध सुभेदारही नुकत्याच दाखल झालेल्या गोऱ्या अंमलदाराच्या हाताखालीच राहिला. शब्द जिवंत राहिला, त्याचा अधिकार गेला. अर्थसंकोचाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच आढळेल. हिंदी तरुणांना राजाची सनद पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मिळू लागली आणि देहरादूनची अकादमी निघाली ती 1932 मध्ये.

शिक्षणकाळातही भाषेचा अडसर होताच. कवायतीचे हुकूम इंग्रजीत आणि लष्करी शाळेतील अभ्यास रोमन लिपीतील हिंदुस्थानीत. मराठी रंगरुटास बंदुकीबरोबर एक परकी भाषा व एक परकी लिपी हाताळावी लागे. आणि शैक्षणिक प्रमाणपत्रावाचून बढती अवघड. लेफ्ट-राइट, परेड, रंगरूट, पलटण, बराक हे शब्द आज खेड्यापाड्यांत विनासायास बोलले जातात. परतलेल्या शिपायांनी ते गावात आणले; त्यांच्या अनुभवाचा लेखी पुरावा थोडा असला, तरी बोलीतील हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाने दार पुन्हा उघडले. 1941 मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट स्थापन झाली. पहिली पलटण बेळगावास, तर दुसरी नागपूरजवळील कामठीस उभारली गेली. भुसावळ-नागपूर हा लोहमार्ग 1867 मध्ये पूर्ण झालेला. त्या मार्गावरील बडनेरा, धामणगाव, पुलगाव या स्थानकांच्या परिसरातील तरुणास भरतीचे ठिकाण आता परमुलखात राहिले नाही. ज्या धामणगावच्या नावासच ‘रेल्वे’ जोडले गेले, तेथून कापसाच्या गाठींप्रमाणे रंगरूटही त्याच रुळांवरून जाऊ शकत होता.

या इतिहासाचा वर्तमानाशी संबंध उघड आहे. 2022 च्या ‘अग्निपथ’ योजनेने शिपायाची नेमणूक 4 वर्षांची केली. त्यांतील कमाल 25 टक्के पुढे कायम होतील, असे ठरले. निवृत्तिवेतनास लागणारी 15 वर्षांची सेवा उरलेल्यांच्या वाट्यास येणार नाही. सैन्यप्रवेशाचे मोल ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने चाकरीच्या पहिल्या दिवसापेक्षा चाकरीनंतरच्या आयुष्यावरून ठरत आले आहे. सुभेदार रामजींच्या पिढीने जे मिळविले व पुढच्या पिढीने जे गमावले, त्याचा हिशेब याच मापाने मांडावा लागतो. आजच्या योजनेचे मूल्यमापनही त्याच मापाने व्हावयास हवे.