सुरीची किंमत वाजवी आहे का? एका साध्या प्रश्नाचा चारशे वर्षांचा इतिहास



पीएचडीच्या मुलाखतीत बहुतेकांना पहिला फटका एकाच ठिकाणी बसतो. आपण मोठ्या उत्साहाने विषय सांगतो आणि समोरून कुणीतरी शांतपणे विचारतं, "हे तुम्ही मोजणार कसं?" आपल्या प्रस्तावात "परिणामकारकता", "दर्जा", "उपयुक्तता" असे शब्द भरपूर असतात, पण त्यातल्या एकाचीही मोजता येईल अशी व्याख्या नसते. मग वर्षभराचं काम हातातून निसटतं.

आज हाच मुद्दा एका वस्तूच्या इतिहासातून समजून घेऊ. वस्तू आहे बुशक्राफ्टची सुरी. बुशक्राफ्ट म्हणजे रानात कमीत कमी साधनांत राहण्याचं कौशल्य. लाकूड तासणं, जाळ पेटवायला बारीक ढलप्या काढणं, खुंट्या टोकदार करणं, हे सगळं एका छोट्या, न मिटणाऱ्या पात्याच्या सुरीने करायचं. आणि प्रश्न असा: कारखान्यात बनलेली अशी सुरी तिच्या किमतीच्या लायकीची आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

प्रश्न दुकानातला वाटतो, पण धातुशास्त्राच्या आणि मापनाच्या इतिहासाचा बराच मोठा तुकडा यात अडकलेला आहे. क्रमाने बघू.

पहिला टप्पा: छाप बघून विश्वास

पातं हातात घेऊन त्याच्या आतलं पोलाद कसं आहे हे डोळ्यांना दिसत नाही. नीट पाणी दिलेलं पातं आणि बिघडलेलं पातं, दोन्ही सारखीच चकाकतात. फरक कळतो तो विकत घेऊन महिनाभर वापरल्यावर. त्यामुळे गिऱ्हाइकाला कुठल्यातरी खुणेवर विश्वास ठेवावाच लागतो.

इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये याची व्यवस्था फार लवकर झाली. १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने तिथे सुरी-कात्री बनवणाऱ्यांची 'कटलर्स कंपनी' स्थापन झाली. कारागिराने आपली छाप नोंदवायची, ती पात्यावर ठोकायची, आणि माल खराब निघाला तर छापेवरून माणूस सापडायचा. म्हणजे छाप हा दर्जा नव्हता, तो दर्जाकडे बोट दाखवणारा निर्देशक होता. संशोधनाच्या भाषेत 'प्रॉक्सी' म्हणतात ते हेच.

प्रॉक्सीला किंमत आली की तिची नक्कल होते. एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्या नावाने जर्मन माल विकला जातो अशी तिथल्या कारखानदारांची तक्रार होती. १८८७ च्या 'मर्चंडाइज मार्क्स' कायद्याने परदेशी मालावर खोटं मूळ दाखवायला बंदी आली आणि 'मेड इन जर्मनी' हे शब्द मालावर दिसू लागले. आता गंमत बघा. ग्राहकाने सावध व्हावं म्हणून आलेली ही खूण काही दशकांत चांगल्या मालाची ओळख बनली. खुणेचे शब्द तेच राहिले, लोकांनी त्यातून काढलेला अर्थ उलटला. तुमच्या प्रश्नावलीत एखादा शब्द वापरताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

शेफील्ड सोडण्याआधी आणखी एक. त्या मालाची किंमत ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये एक अशी होती जी पावतीवर कधीच लिहिली गेली नाही. दगडी चाकावर पाती घासताना दगडाची आणि धातूची धूळ छातीत जायची. तिथले डॉक्टर अर्नोल्ड नाइट यांनी या रोगाबद्दल लिहून ठेवलं होतं. १८४५ मध्ये एंगेल्सने इंग्लंडमधल्या कामगारांवरच्या आपल्या पुस्तकात त्यांचा आधार घेतला. त्यात आकडे असे आहेत: कोरड्या चाकावर काम करणाऱ्यांचं सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षं, आणि ओल्या चाकावरचे क्वचितच ४५ च्या पुढे जायचे. त्याहून विदारक म्हणजे, काही कामगारांचा धूळ कमी करणाऱ्या साधनांनाच विरोध होता. काम सुरक्षित झालं की जास्त माणसं येतील आणि मजुरी पडेल, ही त्यांची भीती. तेव्हा "स्वस्त" हा शब्द वाचला की स्वस्त कशामुळे, हे विचारायची सवय लावा. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागणार आहे.

दुसरा टप्पा: पोलादाच्या नावावर विश्वास

इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. १७९४ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना भारतीय पोलादाच्या वड्या पाठवल्या. हे पोलाद म्हणजे वूट्झ. बंद मुशीत लोखंड आणि झाडाचा पाला-लाकूड तापवून ते बनवत, आणि त्यात साधारण दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असायचा. १७९५ मध्ये जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद "मुंबईत बनवलेलं" असं म्हटलंय! प्रत्यक्षात वूट्झच्या मुशी पेटत होत्या दक्षिणेत, आजच्या तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडू भागात. मुंबई हे पाठवण्याचं ठिकाण. नमुना जिथून हातात आला तेच त्याचं मूळ, असं गृहीत धरलं की असं होतं. आपल्या लॅबमधल्या बाटल्यांवरची लेबलंही कधीतरी या नजरेने वाचून बघा.

लंडनमधले शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट वूट्झच्या धारेवर खूश होते. त्यांनी तरुण मायकेल फॅरडेबरोबर या पोलादाचं रहस्य शोधायला घेतलं. हो, विजेचा तोच फॅरडे. १८१९ मध्ये फॅरडेने वूट्झचं विश्लेषण केलं, त्यात त्याला ॲल्युमिना आणि सिलिका सापडली, आणि वूट्झचा गुण यातूनच येत असावा असं त्याने धरलं. हा निष्कर्ष पुढे टिकला नाही. पोलादात सापडलेला घटक आणि पोलादाच्या गुणाला जबाबदार घटक यांत अंतर असतं. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक आपण पहिल्या सेमिस्टरला शिकतो, पण त्याने फॅरडेलाही चकवलं होतं.

या दोघांच्या १८२० च्या निबंधात चांदी मिसळलेल्या पोलादाचाही प्रयोग आहे. पोलादात चांदी जेमतेम पाचशेवा भाग मुरते, असं त्यांना आढळलं. पण बाजाराला नाव मिळालं! 'सिल्व्हर स्टील' या नावाने वस्तऱ्यांची विक्री सुरू झाली. आज सिल्व्हर स्टील नावाने मिळणाऱ्या पोलादी सळ्यांमध्ये चांदीच नसते. चांदी गेली, नाव राहिलं. सुरीच्या पात्यावर कोरलेलं पोलादाचं झोकदार नाव वाचताना हे आठवा. त्याच मिश्रणाचं पोलाद वेगवेगळ्या तऱ्हेने तापवलं आणि थंड केलं, तर दोन वेगळी पाती तयार होतात. मिश्रण म्हणजे निम्मीच माहिती. पाणी कसं दिलं, ही उरलेली निम्मी, आणि ती नावात नसते.

तिसरा टप्पा: आकड्यावर विश्वास

मग आकडा हवा. तो आला अमेरिकेतून. ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ले रॉकवेल यांनी १९१४ मध्ये कठीणपणा मोजणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१९ मध्ये ते मंजूर झालं. ठरावीक भाराने एक टोक धातूत दाबायचं आणि ते किती खोल गेलं यावरून आकडा काढायचा. झटपट, स्वस्त, सोपं. आज सुरीच्या जाहिरातीत "एचआरसी ५८" असं लिहिलेलं असतं ते हेच माप.

पण हे यंत्र मुळात बेअरिंगच्या कड्या नीट कठीण झाल्यात का, हे बघण्यासाठी होतं. सुरीला लागणारे गुण एकाहून जास्त आहेत: धार टिकणं, धार न तुटणं, गंज न चढणं, पुन्हा सहज धार लागणं. कठीणपणा वाढवला की धार सहसा टिकते, पण पातं ठिसूळ होतं आणि रानात छोट्या दगडावर परजणं जड जातं. म्हणजे आकडा जास्त तर सुरी चांगली, असं सरळ समीकरण नाही.

सुरीसाठीच केलेली कसोटी पुढे आली. शेफील्डमध्येच १९५२ मध्ये 'कॅट्रा' ही कटलरी उद्योगाची संशोधन संस्था सुरू झाली. धारेच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ८४४२-५. यात यंत्र ठरावीक दाबाने पातं पुढे-मागे चालवतं आणि क्वार्ट्झ मिसळलेल्या खास पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापतं. पहिल्या काही फेऱ्यांत किती मिलिमीटर कापलं यावरून सुरुवातीची धार कळते, आणि सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली की टिकाऊपणा. कसोटी पुन्हा पुन्हा करता येते, माणसाच्या हाताचा फरक निघून जातो. विश्वसनीयता उत्तम.

वैधता मात्र वेगळी गोष्ट. पुठ्ठ्यातली वाळू धार घासून झिजवते. ओल्या लाकडाची गाठ धार घासत नाही, ती वाकवते किंवा तिचा टवका काढते. म्हणून पुठ्ठ्यावर पहिली आलेली सुरी लाकडावर पहिली येईलच असं नाही. विश्वसनीयता आणि वैधता यांतला फरक विचारला की हे उदाहरण द्या, परीक्षक विसरणार नाहीत.

मोराची सुरी

आता खऱ्या सुरीकडे येऊ. स्वीडनमध्ये दालार्ना प्रांतात मोरा गावाजवळ ओस्टनोर नावाची वस्ती आहे. अमेरिकेतून परतलेल्या फ्रॉस्ट-एरिक एर्सन यांनी १८९१ मध्ये तिथे लाकूड वाहणाऱ्या घसरगाड्यांचा कारखाना काढला आणि जोडीला सुऱ्याही बनू लागल्या. १९१२ मध्ये त्याच भागात के. जे. एरिक्सन यांचा कारखाना आला. २००५ मध्ये दोन्ही एकत्र झाले. आजची कंपनी म्हणजे मोराकनिव्ह.

ही शेतकऱ्याची, सुताराची सुरी. स्वस्त, हलकी, लाल रंगाची लाकडी मूठ. जुन्या धाटणीच्या पात्यात मधे कठीण पोलादाचा थर आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड. महाग पोलाद फक्त धारेला, बाकी स्वस्त धातू. आपल्याकडचे लोहारही विळा-कोयत्याला पोलाद जोडतात ते याच हिशेबाने.

१९८० च्या दशकात कॅनडातले मॉर्स कोचान्स्की यांनी उत्तरेकडच्या रानातल्या जगण्यावर पुस्तक लिहिलं. तळहाताच्या रुंदीएवढं पातं असलेली साधी सुरी पुरे, असं त्यांचं मत. मोराच्या सुऱ्या या वर्णनात चपखल बसतात. दुसरीकडे ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास रे मिअर्स यांनी आखलेली आणि ॲलन वुड यांनी हाताने घडवलेली 'वुडलोर' सुरी आली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबायला तयार होते. मग याच घाटाच्या कारखान्यातल्या सुऱ्या मधल्या आणि चढ्या किमतीला येऊ लागल्या. "कारखान्यातल्या सुरीला एवढे पैसे का?" हा प्रश्न या मधल्या पायरीवर जन्मला.

याचं उत्तर शोधायला छान तुलना खुद्द मोराकडेच मिळते. 'कम्पॅनियन' ही त्यांची स्वस्त सुरी, पातं २.५ मिमी जाड, पात्याचं शेपूट मुठीत थोडंसंच शिरलेलं आणि भोवती प्लास्टिकची मूठ. २०१६ मध्ये आलेली 'गारबर्ग' कितीतरी पट महाग, पातं ३.२ मिमी जाड, शेपूट मुठीच्या पार टोकापर्यंत. कारखाना एक, देश एक, छाप एक. बरीच चलं आपोआप स्थिर झाली. मग जास्तीचे पैसे कशाचे?

बाकी सगळं सारखं धरलं तर पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ३.२ भागिले २.५ म्हणजे १.२८, त्याचा घन सुमारे २.१. म्हणजे गारबर्ग दुपटीहून ताठ. शेपूट पूर्ण असल्यामुळे पाठीवर सोट्याचे घाव घालून लाकूड फोडताना मुठीशी तुटायची भीती फार कमी. पण जाड पातं लाकडात शिरताना पाचरीसारखं अडतं, त्यामुळे नाजूक तासकामात पातळ पातंच जास्त हलकं चालतं. थोडक्यात, जास्तीचे पैसे तुम्ही सुरी न मोडण्यासाठी देता. जास्त चांगलं कापण्यासाठी नाही.

मग निकाल काय?

तासणं, ढलप्या, खुंट्या, स्वयंपाक एवढंच काम असेल आणि गाव जवळ असेल, तर स्वस्त सुरी किमतीच्या लायकीची आहे आणि महाग सुरीचे जास्तीचे पैसे वाया आहेत. थंडीत, वस्तीपासून चार दिवस दूर, एकच हत्यार घेऊन जाणार असाल, तर तेच पैसे वाजवी आहेत, कारण तिथे सुरी मोडण्याची किंमत वेगळीच असते. आणि सुरीवरची छाप, पोलादाचं नाव किंवा एचआरसी यांपैकी एकाच गोष्टीसाठी कुणी दुप्पट पैसे मागत असेल, तर तो पुरावा अपुरा आहे.

स्वस्ताईचं कारणही तपासा. मोराची किंमत खाली येते ती पट्टीतून यंत्राने पाती कापून, यंत्राने घासून आणि मोठ्या संख्येने एकच घाट बनवून. शेफील्डची जुनी स्वस्ताई माणसांच्या फुप्फुसांतून आली होती. पावतीवरचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसू शकतो.

आता तुमचा गृहपाठ. आपल्या प्रस्तावातला मुख्य प्रश्न काढा आणि त्याखाली तीन ओळी लिहा: कशासाठी चांगलं? कशाच्या तुलनेत? कोणत्या कसोटीवर, आणि ती कसोटी मुळात कशासाठी तयार झाली होती? तिसऱ्या ओळीला वेळ लागेल. लागू द्या. मुलाखतीत "मोजणार कसं?" असं विचारलं की तुमचं उत्तर त्याच ओळीतून येणार आहे.