मेघनेवरचा हवाई पूल



शूर वैमानिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लढाऊ विमान उभे राहते. ते येते, मारा करते आणि क्षणात दिसेनासे होते. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला ही सवलत नाही. त्याला शत्रूच्या देखत सावकाश खाली यावे लागते, पाठीमागचे जवान उतरेपर्यंत तेथेच थांबावे लागते आणि परत जाऊन, त्याच वाटेने, दुसरी खेप आणावी लागते! १९७१ च्या बांगलादेश युद्धातील अशा वैमानिकांची ही हकिगत आहे.

पावसाळ्यात काळू वा भातसा दुथडी भरून वाहू लागली म्हणजे पैलतीर किती दूर होतो, हे शहापूर-मुरबाडच्या माणसाला सांगावयास नको. आता पूर्व बंगालचा नकाशा उघडून पाहा. सारा मुलूखच नद्यांचा. आपल्या चौथ्या कोअरचे सेनापती लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी मनाशी ठरविले की, नद्या वरून ओलांडायच्या. त्यासाठी हाताशी होती मोजकी एमआय-४ हेलिकॉप्टरे. रशियन बनावटीची, पेट्रोलवर चालणारी, मंदगती, आणि बंदुकीची गोळीही आरपार जावी अशी.

७ डिसेंबरला सिल्हेटजवळ पाचव्या गुरखा रायफल्सची चौथी पलटण उतरविण्यास प्रारंभ झाला. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर, आपल्याच महाराष्ट्राचे! शत्रू अपेक्षेहून कितीतरी अधिक निघाला. जवान उतरू लागताच गोळीबार सुरू झाला. अंधार पडला तरी खेपा थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर खाली उतरलेले मूठभर जवान एकाकी पडले असते.

या मोहिमेची आखणी ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांची. ते आसाममधील हवाई तळाचे प्रमुख होते. १९६२ साली लडाखमध्ये रसद टाकताना त्यांचे विमान गोळ्यांनी चाळणी झाले होते व त्यांना वीरचक्र मिळाले होते. आता तळावर बसून हुकूम सोडले असते तरी कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण त्या एका रात्रीत ते स्वतः आठ वेळा सिल्हेटच्या आकाशात गेले. खाली मारा चालू असताना आपला वरिष्ठ वर आहे, हे तरुण वैमानिकांना दिसावे, हा त्यातील हेतू. युद्धात अशा त्यांच्या एकंदर अठरा फेऱ्या झाल्या. चार वेळा त्यांच्या हेलिकॉप्टरला गोळ्या लागल्या. याला कोणी अविचार म्हणेल. मला तसे वाटत नाही. दुसऱ्याला ज्या वाटेने धाडायचे, ती वाट आधी आपण पाहावी, एवढाच त्याचा अर्थ.

दोनच दिवसांनी मेघना आडवी आली. आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला होता. ९ डिसेंबरपासून हीच हेलिकॉप्टरे ब्राह्मणबाडियाकडून पलीकडे रायपुऱ्याला जवान नेऊ लागली. रात्री उतरण्याची जागा दाखवायला काय, तर हातातील विजेऱ्या! स्क्वाड्रन लीडर सी. एस. संधू यांच्या ११० क्रमांकाच्या तुकडीचा यात मोठा वाटा होता. या मोहिमांत सुमारे तीन हजार जवान, चाळीस टन सामान आणि तोफाही हवेतून गेल्या. ढाक्याची वाट मोकळी झाली, आणि १६ डिसेंबरला तेथे शरणागती झाली. चंदनसिंग आणि हरोलीकर दोघांनाही महावीरचक्र मिळाले.

सिल्हेटच्या पलटणीत मेजर इयान कार्डोझो होते. जन्माने मुंबईकर. तेही हेलिकॉप्टरनेच पलटणीत दाखल झाले. पुढे सुरुंगावर पाय पडून त्यांचा पाय निकामी झाला, तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या खुकरीने तोडला. त्यांना मागे नेण्यास त्या वेळी हेलिकॉप्टर मिळू शकले नाही. युद्धकैदी म्हणून हाती आलेले पाकिस्तानी शल्यविशारद मेजर महंमद बशीर यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली.