वाऱ्याच्या हाती दिलेली कला

चैत्र-वैशाखात आपल्या मुलखात चार माणसे जमली की येणाऱ्या पावसाचा विषय निघतोच. परंतु पुढच्या पावसाचे भाकीत करणे निराळे, आणि या घटकेला हवा काय करीत आहे हे सर्वांच्या डोळ्यांपुढे मांडणे निराळे. पहिल्याचा मासला बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या घटमांडणीत सापडतो. अक्षय्य तृतीयेला शेतात धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांवरून पीकपाणी सांगतात. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते दुसऱ्याविषयी.

त्याचा प्राचीन नमुना अथेन्स नगरीत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अँड्रोनिकस याने तेथे संगमरवरी अष्टकोनी मनोरा उभारला. आठ बाजूंवर आठ वाऱ्यांच्या मूर्ती कोरल्या आणि शिखरावर ब्राँझचा ट्रायटन हा सागरदेव बसविला. वारा फिरेल तसा तो फिरे आणि त्याच्या हातातील दंड वाहत्या वाऱ्याच्या मूर्तीवर येऊन थांबे, असे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो. मूर्ती माणसाने घडविली, पण तिला फिरविण्याचा अधिकार वाऱ्याकडे सोपविला.

आपल्या देशाला हा धडा संकटाने शिकविला. 1864 च्या वादळाने कलकत्त्यात हाहाकार उडविला आणि 1865 मध्ये त्या बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था झाली. 1875 मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. बंदरावर दिवसा गोळे व शंकू आणि रात्री दिवे चढविण्याची पद्धत रूढ झाली. ‘तीन नंबरचा बावटा’ लागला म्हणजे काय, हे कोकणच्या कोळ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

अलीकडच्या कलावंतांनी हाच धागा पुढे नेला. 1986 मध्ये तोयो इतो या वास्तुकाराने योकोहामा येथे वारा आणि शहराचा गलबला यांनुसार ज्याचे दिवे बदलत असा मनोरा उभा केला. अमेरिकेतील डेव्हिड बोवेन याने तर दालनात वाळलेल्या काड्यांची रांगच उभी केली. बाहेर वाऱ्यात एक काडी, तिला हालचाल मोजणारे यंत्र. ती जशी झुके तशा आतल्या साऱ्या काड्या एकदम झुकत. ज्वारीच्या रानात वाढलेल्या माणसाला याहून अधिक काय समजावून सांगावे?

पण वारा पडला तर? तर काड्या निश्चल राहावयास हव्यात. प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून जुनी हालचाल पुन्हा चालविली, तर ते प्रदर्शन हवेचे राहिले नाही. अशा कलेची सारी अब्रू या एका प्रामाणिकपणात आहे.

जिंतूरकरांना याचे मोल विशेष आहे. महावेध प्रकल्पात 2017 पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. एका दिवसात 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर मंडळात अतिवृष्टी धरतात. त्या आकड्यावर शेतकऱ्याची मदत अवलंबून असते. परंतु बोरीचा पाऊस निराळा, चारठाण्याचा निराळा, आणि ज्याच्या शेतावर तो पडला त्याला आपल्या मंडळाचा आकडा बहुधा उशिराच कळतो. तोच आकडा बाजाराच्या चौकात काड्यांच्या, दिव्यांच्या वा पाण्याच्या रूपाने त्याच क्षणी दिसू लागला, तर त्याची शहानिशा करावयास सारे गाव साक्षीला राहील. आणि श्रावणात पावसाने ओढ दिली, तर चौकातली ती रचना मुकी उभी राहील. ते मुकेपणही नोंदीइतकेच खरे असेल.