करवंदाच्या जाळीचा धनी

वैशाखाच्या उन्हात सह्याद्रीतली घाटवाट चढताना पाय हमखास थबकतो तो करवंदीच्या जाळीपाशी. काटे ओरबाडतात, चिकाने बोटे चिकटतात, तरी हात काही मागे येत नाही. फळ चावायचे नि पाहायचे: आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी! हा खेळ न खेळलेला माणूस घाटाखाली की घाटावर, कुठे सापडेल असे वाटत नाही.

पण ही जाळी कुणाची? ती कुणी लावली नाही, तिला कुणी पाणी घातले नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात ते सांगतात की, ज्यांचे थोड्या जमिनीवर भागत नसे ते गरीब शेतकरी पूर्वी आसपासच्या डोंगरातली उंबरे-जांभळे खाऊन आणि पाने, फुले, सरपण विकून दिवस काढीत. म्हणजे आपली ही रानमेव्याची चैन त्यांच्या घरी पोटाला आधार होती.

इंग्रज सरकारला हवा होता साग, जहाजांना आणि इमारतींना. पुढे आगगाडी आली, रुळांखाली घालायला लाकूड हवे झाले. १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगरच्या डोंगर राखीव होऊ लागले. त्या कायद्याने रानातले फळसुद्धा जंगलाचा माल ठरले. करवंदे तोडली म्हणून कुणाला बेड्या पडल्या, असे मी म्हणत नाही. झाले ते याहून बारीक. कालपर्यंत जो हक्क होता तो साहेबाने दिलेली सवलत झाला, आणि सवलत काढूनही घेता येते! ठाणे-कुलाब्याकडे इतका ओरडा झाला, की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी मंडळ नेमावे लागले. तरी असंतोष धुमसतच राहिला. सप्टेंबर १९३० मध्ये उरणजवळ चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या चालल्या, माणसे मेली.

कायद्याचा काटा उलटा फिरायला २००६ साल उजाडले. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांना, ते परंपरेने गोळा करीत आलेल्या गौण वनोपजाची मालकी दिली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क पदरात पाडून घेतला. दावा मात्र ग्रामसभेतूनच उभा राहतो. घरबसल्या तो कुणी आणून देत नाही.

गुरुजी, मुलांना डोंगरावर न्याल तेव्हा करवंदे जरूर खाऊ द्या, पण आधी पायथ्याच्या वाडीत विचारून घ्या. तिथल्या ठाकर-कातकरी बाया उन्हे चढण्यापूर्वीच रान गाठतात, आणि पानांच्या द्रोणांत फळे भरून घाटरस्त्याच्या कडेला बसतात. वाटेवरची जाळी आपण ओरबाडून रिकामी केली, तर त्या दिवशी त्यांची पाटी तेवढी हलकी होते.