तीन चोचींची टोपी



परीक्षा संपल्या की आपल्या मनमाडमध्ये भल्या सकाळी बॅटचा आवाज सुरू होतो. गल्लीत, रेल्वेच्या क्वार्टरांमागे, मोकळ्या प्लॉटवर, जिथं जागा मिळेल तिथं विटांचे स्टंप उभे राहतात. बहुतेक पोरं टेनिसच्या चेंडूनं खेळतात. हा चेंडू साठ ग्रॅमच्या आतच भरतो. अंगावर लागला तर चुरचुरतं, वळ उठतो आणि खेळ पुढं चालू राहतो. पण मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की एक दिवस घरी येऊन सांगतो, "आई, आता आम्ही सीझन बॉलनं खेळणार." सीझन बॉल म्हणजे आत बूच, त्यावर करकचून गुंडाळलेला दोरा आणि वरून चामडं. लहान मुलांसाठीचा असला तरी तो १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो. पुरुषांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे टेनिसच्या चेंडूच्या दुपटीहून जड, आणि दगडासारखा टणक.

मागच्या बैठकीत आमच्यातल्या एकीनं सांगितलं, "पोराला हेल्मेट घेऊन दिलं, पण तो घालत नाही. घातलं की बाकीची पोरं 'भित्रा' म्हणून हसतात म्हणे." तेव्हा आम्ही ठरवलं, या हसण्याचा इतिहास शोधायचा. तोच आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते १९३३ साली, लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर. पॅट्सी हेंड्रन नावाचा इंग्लंडचा नामांकित फलंदाज वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांसमोर खेळायला उतरला. वय ४४. डोक्यावर भलतीच टोपी. एरवी टोपीला पुढं एक चोच असते, या टोपीला तीन होत्या. एक पुढं आणि दोन बाजूंना, कान नि कानशिलं झाकणाऱ्या. आतून स्पंजासारख्या रबराचं अस्तर. दोन वर्षांपूर्वी उसळता चेंडू डोक्याला लागला होता, म्हणून ही टोपी. आणि ती बनवली होती कुणी? त्याच्या बायकोनं. मैदानावर मोठी चर्चा झाली. टोपी मात्र त्याच्यापुरतीच राहिली, बाकीचे खेळाडू उघड्या डोक्यानंच खेळत राहिले.

त्यानंतर २९ वर्षांनी, मार्च १९६२ मध्ये, भारताचा संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर, वय २८. बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटीला तडा गेला. पॅव्हेलियनमधली एक खिडकी कुणीतरी उघडली आणि क्षणभर लक्ष तिकडं गेलं, असं त्यांनी पुढं सांगितलं. तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त लागणार होतं. वेस्ट इंडिजचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं. आपल्या संघातून पॉली उम्रीगर, पुण्याचे चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनी दिलं. हे बापू आपल्याच जिल्ह्यातले, जन्म नाशिकचा. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी ६० वर्षांनी, २०२२ साली काढली.

एवढं होऊनही हेल्मेट आलं नाही. ते यायला आणखी पंधरा-सोळा वर्षं लागली. १९७७ मध्ये इंग्लंडचे माइक ब्रिअर्ली टोपीखाली कवच घालू लागले. त्याच सुमारास डेनिस एमिस यांनी मोटारसायकलच्या हेल्मेटवरून स्वतःसाठी हेल्मेट घडवून घेतलं. आणि मार्च १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यॅलप कसोटी सामन्यात हेल्मेट घालून उतरले. कसोटीत असं करणारे ते पहिले. गाव तेच ब्रिजटाउन, जिथं कॉन्ट्रॅक्टर कोसळले होते. तिथल्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. म्हणजे बघा, आपल्या मैत्रिणीच्या मुलाला आज जे ऐकावं लागतं, ते जगातल्या मोठ्या खेळाडूनंही ऐकलं आहे.

आपल्याकडंही धाडसाचं कौतुक मोठं. १९८३ साली जॉर्जटाउनला मार्शलचा चेंडू सुनील गावसकरांच्या कपाळावर बसला, तरी त्यांनी नाबाद १४७ धावा काढल्या. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानानं सांगतो. पुढं ते पांढऱ्या हॅटखाली पातळ कवच घालू लागले, हे सांगायला मात्र आपण विसरतो. अर्धी गोष्ट ऐकलेला मुलगा अर्धंच शिकतो.

मार फक्त फलंदाजालाच बसतो असंही नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला भारताचे रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभे राहिले. षटकातले तीनच चेंडू उरले होते, म्हणून त्यांनी हेल्मेट घेतलं नाही. जोराचा फटका थेट कपाळावर आला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले, मग प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी ते गेले. वय ३८.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं २००० साली मुलांसाठी वेगळी शिस्त घातली. १८ वर्षांखालच्या मुलांनी टणक चेंडूसमोर फलंदाजी करताना आणि स्टंपांजवळ यष्टिरक्षण करताना हेल्मेट घालायचं. शिवाय १३ वर्षांखालच्या मुलांनी फलंदाजाच्या पुढं सुमारे १० मीटरच्या आत उभंच राहायचं नाही. या दुसऱ्या नियमाला दमडीचा खर्च नाही. चुन्याची एक रेघ ओढली की झालं.

हेल्मेट म्हणजे अभय नव्हे, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूज यांनी हेल्मेट घातलेलं होतं. चेंडू हेल्मेटच्या खाली मानेला लागला, तिथली रक्तवाहिनी फाटली आणि दोन दिवसांनी ते गेले. त्यानंतर हेल्मेटला मागून मान झाकणारी पट्टी आली. आपल्या महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या दडकर मैदानावर एकाच वेळी दोन सामने चालू होते. शेजारच्या सामन्यातला चेंडू एका क्षेत्ररक्षकाच्या कानामागं लागला आणि त्याचा जीव गेला. एका मैदानावर दोन-दोन, तीन-तीन खेळ आपल्याकडंही रोज चालतात.

आणि मुली? मुलींचा चेंडू थोडा हलका, १४० ते १५१ ग्रॅमचा, पण तितकाच टणक. भारताच्या कप्तान आणि रेल्वेच्या खेळाडू डायना एडलजी यांचे पुढचे चार दात चेंडू लागून पडले होते. तेव्हा जाळीचं हेल्मेट मुलीलाही हवं.

मैत्रिणींनो, आपल्या गावात रेल्वेचं मोठं वर्कशॉप आहे. तिथं पुलांचे लोखंडी गर्डर तयार होतात. डोक्यावरून क्रेननं गर्डर जात असताना खाली हेल्मेट घालून उभ्या असलेल्या माणसाला कुणी भित्रा म्हणत नाही. त्याला कामाचा जाणकार म्हणतात. मैदानावरही हाच हिशेब लावायचा.

आता घरात करायच्या चार गोष्टी. पहिली, सीझन बॉल आला की हेल्मेट आलंच. ते जाळीचं हवं आणि डोक्याच्या मापाचं हवं. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून शाळेच्या गणवेशासारखं मोठं घेऊ नका. पट्टा लावून मुलाला खाली वाकायला, मान हलवायला सांगा. हेल्मेट डोळ्यांवर घसरलं तर ते माप त्याचं नाही. जाळी आणि पुढची कड यांच्यामधून चेंडू आत शिरता कामा नये. दुसरी, मोटारसायकलचं हेल्मेट इथं चालत नाही, त्यानं नजर अडते. तिसरी, जोराचा चेंडू बसलेलं किंवा तडा गेलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. एकट्याला परवडत नसेल तर चार घरांनी मिळून वेगवेगळ्या मापांची दोन-तीन घ्या.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. डोक्याला चेंडू लागला तर त्या दिवसाचा खेळ बंद. 'मला काही झालं नाही' म्हणाला तरी बंद. लांबाही चालतच बाहेर गेले होते, हे लक्षात ठेवा. पुढचे एक-दोन दिवस मुलाला एकटं ठेवू नका. शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, असंबद्ध बोलला, झोपेतून नीट जागा होईना, झटका आला, हातापायातली शक्ती गेली, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आलं, तर हळद-चुना लावत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

हेंड्रनच्या बायकोची टोपी लोकांना विचित्र वाटली होती. जगाला ती पटायला ४५ वर्षं लागली. तोवर किती जणांची डोकी फुटली असतील, देव जाणे. आपल्या पोरांना तितका वेळ नाही. उद्या सकाळी मुलगा बॅट घेऊन निघाला की हेल्मेट त्याच्या हातात द्या आणि ही सगळी गोष्ट त्याला सांगा. हसणाऱ्या पोरांनाही बोलावून सांगा, कारण तीही आपलीच आहेत.